भाड्याची हद्द : शांघायच्या गल्ल्या आणि 'दुसरा घरमालक'

लू शुन या चिनी लेखकाने आयुष्याच्या अखेरीस लिहिलेल्या निबंधांच्या संग्रहांना एक विचित्र नाव दिले : 'छ्येज्येथिंग'. चिनी वाचकालाही हे नाव पहिल्या नजरेत उलगडत नाही. शांघायमधल्या परकीयांच्या वसाहतींना चिनी भाषेत 'त्सूज्ये' म्हणत. 'त्सू' म्हणजे भाडे आणि 'ज्ये' म्हणजे हद्द, म्हणून 'त्सूज्ये' ही भाड्याने दिलेली हद्द. लू शुनने या दोन्ही अक्षरांचा अर्धा अर्धा भाग उडवला. पहिल्या अक्षरातून जो भाग गेला त्याचा अर्थ धान्य आणि दुसऱ्यातून गेला त्याचा अर्थ शेत. तो राहत होता तो होंगखौचा भाग परकीय हद्दीच्या थोडा बाहेर होता, पण तिथल्या रस्त्यांवर हुकूम परकीयांचाच चाले. म्हणजे अर्धी भाड्याची हद्द. 'थिंग' हे तिसरे अक्षर 'थिंगत्सज्येन' या शब्दाची आठवण करून देते. शांघायच्या गल्लीतल्या घरात स्वयंपाकघराच्या डोक्यावर असते ती उत्तरेकडची बुटकी खोली म्हणजे थिंगत्सज्येन. शहरातली सगळ्यांत स्वस्त भाड्याची जागा ती. साऱ्या शहराचा इतिहास एका नावात बसवायचा तर याहून नेमके नाव सापडणे कठीण.

गेली बारा-तेरा वर्षे मी मुंबईच्या चाळींचे भाडेव्यवहार, पागडीच्या पावत्या, घरमालक-भाडेकरूंच्या तंट्यांचे कागद गोळा करतो आहे. विद्यापीठाशी माझा संबंध नाही. पोटापाण्याची नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात हा उद्योग चालतो. शांघायकडे मी वळलो तो या चाळींमुळेच. जुन्या शांघायवरचे बहुतेक लेखन दगडी चौकटींच्या सौंदर्यात आणि 'हरवलेल्या गल्लीजीवना'त रमते. मला त्या गल्ल्या वेगळ्या दिसतात. त्या बांधल्या गेल्या भाड्यासाठी, खोल्यांत कापल्या गेल्या भाड्यासाठी आणि पडल्या त्याही बऱ्याच अंशी भाड्याच्या हिशेबामुळे. (चिनी नावे मराठी जिभेला पेलतील अशी लिहिली आहेत, जाणकारांनी उच्चारांवरून फार भांडू नये.)

अफूच्या पहिल्या युद्धानंतर, १८४२ च्या नानजिंग तहाने, शांघाय बंदर परकीय व्यापाऱ्यांना मोकळे झाले. १८४५ मध्ये जमिनीसंबंधी जे नियम ठरले त्यांत दोन गोष्टी महत्त्वाच्या होत्या. पहिली, परकीयाला जमीन विकत मिळायची नाही. मूळ चिनी मालकाकडून ती कायमच्या भाडेपट्ट्याने घ्यायची आणि दर मू जमिनीमागे वर्षाला दीड हजार तांब्याची नाणी चिनी सरकारला भरायची. एक मू म्हणजे आपल्याकडचे साडेसहा गुंठे धरा. पुढे ज्या जमिनींवर कोट्यवधींचे व्यवहार झाले, त्या कागदोपत्री अशा भाडेपट्ट्याच्याच राहिल्या. दुसरी गोष्ट अशी, की वसाहतीत चिनी माणसाला घर भाड्याने द्यायचे नाही. गोरे आणि चिनी वेगवेगळे राहतील हे गृहीतच होते.

हे गृहीतक आठ वर्षांत कोसळले. सप्टेंबर १८५३ मध्ये 'छोटी तलवार' नावाच्या गुप्त मंडळाने बंड करून तटबंदीच्या आतले जुने चिनी शांघाय ताब्यात घेतले, आणि तिथली माणसे जीव वाचवायला परकीय वसाहतीत शिरली. तोवर वसाहतीत पाचशेच्या आसपास चिनी असत. आता वीस हजारांवर झाले. नियम बाजूला ठेवून व्यापाऱ्यांनी लाकडी घरांच्या रांगा उभ्या करायला घेतल्या. वर्षाच्या आतच अशी आठशेवर घरे झाली, सगळी चिनी निर्वासितांना भाड्याने देण्यासाठी. ब्रिटिश वकील रदरफर्ड अल्कॉक याला हे पसंत नव्हते. एका व्यापारी मित्राशी झालेले बोलणे त्याने नंतर आपल्या पुस्तकात नोंदवले आहे. त्या मित्राचे म्हणणे साधारण असे : माझ्या पैशावर वर्षाला तीस-चाळीस टक्के सुटतात ते चिन्यांना घरे भाड्याने देऊन, दोन-तीन वर्षांत श्रीमंत होऊन मी मायदेशी जाणार, मग शांघाय जळो की बुडो. १८५४ च्या सुधारित नियमांतून चिनी रहिवाशांवरची बंदी गेली. नीतीची बाजू अल्कॉकची असेल, पण शहर वसले ते त्या व्यापाऱ्याच्या हिशेबाने.

पुढे तायपिंग बंडाच्या काळात, १८६० नंतर, लाखोंचे लोंढे आले. बंड मोडले तसे १८६४ मध्ये लोक गावी परतले, घरे ओस पडली आणि कर्ज काढून बांधणाऱ्या कित्येक पेढ्या बुडाल्या. लाकडी घरांना आगीचे भय फार. म्हणून १८७० च्या सुमारास विटांचे, दगडी चौकटीच्या दाराचे घर आले. त्या दारावरूनच त्याला 'शिकूमन' हे नाव पडले. अशा घरांच्या रांगांमधली गल्ली म्हणजे 'लीलोंग'. रांगेत घरे बांधण्याची पद्धत इंग्लंडची, घराच्या आतली मांडणी च्यांगनान भागातल्या वाड्याची. दोन संस्कृतींचा संगम वगैरे म्हणून त्याचे कौतुक होते. माझ्या मते रांगेत बांधायचे खरे कारण म्हणजे सामाईक भिंत. विटा वाचतात आणि त्याच जमिनीवर भाडेकरू जास्त मावतात.

या ठिकाणी मुंबईचा एक धागा येतो, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई. त्या व्यापारातल्या बड्या घराण्यांपैकी एक ससून. भायखळ्याचे सिनेगॉग, काळ्या घोड्याजवळचे वाचनालय, कुलाब्याची गोदी यांमुळे हे नाव आपल्या ओळखीचे आहे. बगदादहून आलेल्या एका गरीब ज्यू कुटुंबातला सायलस हार्डून हा मुलगा मुंबईत वाढला आणि डेव्हिड ससून यांच्या धर्मादाय शाळेत शिकला. ससून पेढीच्या चाकरीत तो आधी हाँगकाँगला आणि १८७० च्या दशकात शांघायला गेला. तिथे त्याचे पहिले काम गोदामाची राखण आणि भाडेवसुली हे होते असे सांगतात. भाडेवसुलीचा गुमास्ता गल्लीगल्लीतून हिंडतो. कुठली जागा वर्षभर भरलेली असते, कुठला भाडेकरू पळतो, कुठल्या नाक्यावरचे दुकान चालते, हे मालकाच्या आधी त्याला कळते. हार्डूनने ही माहिती वाया घालवली नाही. चीन-फ्रान्स युद्धाच्या वेळी, १८८४-८५ मध्ये, परकीय घाबरून जमिनी विकत असताना त्याने घेतल्या, अशी कथा आहे. १९०१ मध्ये त्याने स्वतःची पेढी काढली. १९३१ मध्ये वारला तेव्हा नानजिंग रोडवरचा तो सर्वांत मोठा जमीनमालक होता.

त्याच्याविषयीच्या दंतकथा कंजूषपणाच्या आहेत : भाडे वसूल करायला तो म्हणे म्हातारपणीही स्वतः जाई. नोंदी मात्र वेगळेही सांगतात. त्याने चिनी-युरेशियन स्त्रीशी लग्न केले, अनेक मुले दत्तक घेतली, आणि स्वतः ज्यू असून बौद्ध त्रिपिटकाची छपाई करवली, चिनी भाषेतले कुराणही छापवले. त्याच्या प्रचंड बागेच्या जागी आज सोव्हिएत धाटणीची मोठी प्रदर्शनवास्तू उभी आहे.

हार्डूनने बांधलेल्या गल्ल्यांपैकी एक मिनहौली. १९२० च्या उन्हाळ्यात हूनान प्रांतातून आलेला एक तरुण मित्रांबरोबर तिथे २९ क्रमांकाच्या घरात भाड्याने राहत होता. त्या रस्त्याचे नावच तेव्हा हार्डून रोड होते. तरुणाचे नाव माओ त्सेतुंग. मुंबईच्या धर्मादाय शाळेत शिकलेला घरमालक आणि त्याच्या गल्लीतला हा भाडेकरू समोरासमोर आले असण्याचा संभव नाही. पण त्या घराचे भाडे कुठल्या ना कुठल्या मार्गाने हार्डूनच्याच वहीत जमा झाले असणार. वर्षभराने, जुलै १९२१ मध्ये, चिनी कम्युनिस्ट पक्षाचे पहिले अधिवेशन भरले तेही फ्रेंच हद्दीतल्या अशाच एका नव्या शिकूमन घरात. घर ली शूछंग या प्रतिनिधीच्या भावाने भाड्याने घेतलेले. प्रतिनिधी होता ली हानचुन. ३० जुलैला एक अनोळखी माणूस डोकावून गेला, लोकांना संशय आला, पाठोपाठ पोलीस आले, आणि उरलेले अधिवेशन च्याशिंगच्या तळ्यातल्या नावेत उरकावे लागले. गल्लीला एकाहून जास्त दारे असतात याचा त्या रात्री उपयोग झाला असेल.

आता घरात शिरू. दगडी चौकट, काळ्या रंगाची दोन फळ्यांची दारे, पितळी कड्या. आत इवलासा चौक, त्यामागे बैठकीची खोली, वर झोपायची खोली, मागे स्वयंपाकघर. स्वयंपाकघरावर थिंगत्सज्येन आणि तिच्यावर कपडे वाळत घालायची गच्ची. मूळ कल्पना एका खात्यापित्या कुटुंबाने अख्ख्या घरात राहावे अशी. ती फार काळ टिकली नाही. भाडी वाढली, कुटुंबे लहान झाली, आणि एकेका घरात चार, सहा, कधी दहा बिऱ्हाडे आली. बैठकीच्या खोलीत लाकडी पडदी घालून दोन खोल्या झाल्या, उंच छताखाली माळे काढले, गच्ची झाकून तिथेही माणूस ठेवला. थिंगत्सज्येनला खालून चुलींची धग, वरून गच्चीचे ऊन, हिवाळ्यात उत्तरेचे वारे. तिथे राहत ते एकटे कारकून, शिंपी, नट्या, विद्यार्थी आणि लेखक. 'थिंगत्सज्येन लेखक' हा चिनी साहित्याच्या इतिहासातला रूढ शब्दप्रयोग आहे. संडास बहुतेक घरांत नव्हते. पहाटे मैल्याची गाडी येई, बायका लाकडी भांडी दाराबाहेर आणून ठेवत आणि मग बांबूच्या खराट्यांनी ती घासण्याचा आवाज गल्लीभर चाले. गरम पाणी नाक्यावरच्या 'वाघचुली'वरून विकत आणायचे, कारण घरची चूल पाण्यापुरती पेटवणे महाग पडे.

हे घर खोल्याखोल्यांत कापले कोणी? मूळ मालकाने नव्हे. मालकाला, म्हणजे पेढीला किंवा मिशनला, शंभर भाडेकरूंची कटकट नको असे. तो अख्खे घर एकाला देई. तो एक जण बरी खोली स्वतःला ठेवून उरलेल्या खोल्या भाड्याने लावी. याला म्हणत 'अर फांगतोंग', दुसरा घरमालक. आपल्याकडे पोटभाडेकरू हा शब्द आहे, तो खालून वर पाहणारा. चिनी शब्द वरून खाली पाहतो. कधी दुसऱ्याखाली तिसराही असे. सगळ्यात वर ती दीड हजार नाणी, तिच्याखाली कायमचा पट्टा, मग गल्लीची पेढी, मग दुसरा घरमालक आणि तळाशी थिंगत्सज्येनमधला कारकून. प्रत्येक जण कुणाचा तरी भाडेकरूच.

चिनी नाटक-सिनेमांनी दुसऱ्या घरमालकाला खलनायक करून टाकले. पुढे 'बहात्तर भाडेकरू' या प्रहसनाने त्याची चेष्टा घराघरांत पोहोचवली, आणि १९७३ मध्ये हाँगकाँगमध्ये त्याचा चित्रपट तुफान चालला. शिया यान याचे १९३७ चे नाटक 'शांघायच्या वळचणीखाली' मला यात वेगळे वाटते. पावसाळ्यातला एक दिवस, एक घर, पाच बिऱ्हाडे. आणि यातला दुसरा घरमालक कारखान्यात राबणारा, स्वतःच पिचलेला माणूस आहे. मला हे चित्र खरे वाटते. बहुतेक दुसरे घरमालक म्हणजे पगारात भागत नाही म्हणून खोल्या लावणारी माणसे, त्यांत विधवा आणि म्हाताऱ्या बायकाही असत. भाडे थकले तर बाहेर काढणारी तीच, आणि गावाहून आलेल्या अनोळखी माणसाला जामीन नसतानाही आसरा देणारीही तीच. बँकेने किंवा पेढीने त्या माणसाला दारातही उभे केले नसते. अन्याय होत नव्हता असे मी म्हणत नाही, होताच. पण त्या मधल्या माणसाशिवाय हे शहर गरिबाला राहायला मिळाले नसते.

ऑगस्ट १९३७ मध्ये जपानशी लढाई पेटली आणि परकीय हद्द पुन्हा निर्वासितांनी भरली. १९३८ नंतर युरोपातून वीस हजारांच्या आसपास ज्यू आले. १९४३ मध्ये जपान्यांनी त्यांतल्या बहुतेकांना होंगखौच्या एका तुकड्यात कोंडले, आणि तेही गल्लीतल्या अशाच खोल्यांत राहिले. या गर्दीत 'तिंगफेई' वाढली. हा शब्द वाचला तेव्हा मी चमकलो, कारण ही तर पागडीच. जाणारा भाडेकरू येणाऱ्याकडून एकरकमी पैसे घेणार, मग मालकाच्या पावतीवर नाव बदलणार. युद्धानंतर कागदी चलन कवडीमोल झाले तेव्हा ही रक्कम सोन्याच्या चिपांत मागत. एक लियांगची चीप म्हणजे 'छोटा पिवळा मासा', दहा लियांगची 'मोठा पिवळा मासा'. मासे किती, यावर खोली ठरे. १९४९ च्या 'कावळे आणि चिमण्या' या चित्रपटात अशाच घरातले भाडेकरू आहेत. घर बळकावून बसलेला राष्ट्रवादी सरकारचा अधिकारी ते विकून पळण्याच्या बेतात आहे. चित्रीकरण अर्धवट असताना सेन्सॉरने ते थांबवले. सत्ता पालटल्यावर चित्रपट पुरा झाला.

त्याच सुमारास मुंबईत काय चालले होते? १९४७ च्या कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठली. मालकाला भाड्यात राम उरला नाही, म्हणून तो पागडीत आला. भाडेकरू जागा सोडताना आलेल्या पागडीतला साधारण एक तृतीयांश वाटा मालकाला देई; कायद्याला हे मंजूर नव्हते, रिवाजाला होते. १९९९ च्या कायद्याने त्याला मान्यता दिली. गिरगावातल्या आमच्या खोलीच्या पावत्या वडिलांनी वर्षाप्रमाणे दोऱ्याने बांधून ट्रंकेत ठेवल्या होत्या. बँकेच्या पासबुकापेक्षा त्यांना जास्त जपत. कुणी विचारले, 'जागा स्वतःची का?' तर ते 'हो' म्हणत, आणि खोटे बोलतो आहोत असे त्यांना कधी वाटले नाही.

शांघायमध्ये हेच दुसऱ्या वाटेने झाले. १९५० च्या दशकात भाड्याने दिलेली खाजगी घरे हळूहळू सरकारच्या व्यवस्थापनाखाली गेली. दुसरा घरमालक संपला. त्याच्या जागी घर-व्यवस्थापन कार्यालय आले. भाडे नाममात्र झाले. भाडे नाममात्र म्हणजे दुरुस्तीही नाममात्र, हे मुंबईकराला वेगळे सांगायला नको. १९४९ च्या सुमारास शहरात नऊ हजारांवर गल्ल्या होत्या, आणि पुढची चाळीस वर्षे वाढती लोकसंख्या मुख्यतः त्यांच्यातच कोंबली गेली. मुलाचे लग्न झाले की आणखी एक पडदी. पण भाडेकरूच्या हाती एक गोष्ट आली : राहण्याचा हक्क. तो मुलांना मिळतो, आणि पुढे पुढे तो विकताही येऊ लागला. घर सरकारचे, हक्क आपला. इथेही कुणी विचारले तर लोक 'माझे घर' असेच म्हणतात.

२०१४ च्या ऑक्टोबरात मी महिनाभर जुन्या फ्रेंच हद्दीतल्या एका गल्लीत खोली घेऊन राहिलो. खोली अर्थातच थिंगत्सज्येन. घरवाल्या बाई साठीच्या पुढच्या. माझी कामापुरती चिनी अक्षरे आणि त्यांच्या भाच्याचे इंग्रजी यांवर आमचे भागे. त्या स्वतः सरकारच्या भाडेकरू. माझ्या एका दिवसाच्या भाड्यात त्यांचे महिन्याचे सरकारी भाडे निघत होते, हे त्यांनीच हसत सांगितले. खालच्या सामाईक स्वयंपाकघरात छताला पाच दिवे टांगलेले, पाच बिऱ्हाडांचे पाच, आणि प्रत्येकाचे बटण ज्याच्या त्याच्या खोलीत. चुलीपाशी उभे राहायचे तर आपला दिवा लावायचा; शेजारच्या दिव्याच्या उजेडात भाजी चिरणे शिष्टाचाराला धरून नाही. आमच्या चाळीत जिन्यातल्या एका दिव्याच्या बिलावरून दोन घरे सहा वर्षे बोलत नव्हती. शांघायवाल्यांनी ते भांडण मुळातच मिटवले होते. मी बाईंना म्हणालो, तुम्ही तर 'अर फांगतोंग'. भाच्याने भाषांतर करायचे टाळले. बाईंना मात्र शब्द कळला. "तो तर माझा आजा होता," एवढेच म्हणाल्या आणि चहा ओतला.

१९९० नंतर गल्ल्या पडू लागल्या. २००० सालापर्यंत ३६.५ लाख चौरस मीटर मोडकळीची घरे पाडायची अशी योजनाच होती. भिंतीवर वर्तुळात 'छाय', म्हणजे 'पाडा', हे अक्षर रंगवले की लोक समजत. भरपाई आधी घरातली डोकी मोजून मिळे, म्हणून गावच्या भाच्या-पुतण्यांची नावे रहिवासाच्या दाखल्यावर चढत. पुढे ती क्षेत्रफळावर आली. लोक म्हणू लागले, आधी डोकी मोजत, आता विटा मोजतात. सरकारी भाडेकरूला भरपाईतला मोठा वाटा मिळतो, पण नवे घर शहराच्या कडेला. पुष्कळांनी ते आनंदाने घेतले, हे गल्लीप्रेमी लेखक सांगत नाहीत. ज्या बाईने चाळीस वर्षे पहाटे मैल्याचे भांडे घासले, तिला स्वतःचा संडास म्हणजे काय हे आपण शिकवायला नको.

काही गल्ल्या वाचल्या त्याही भाड्यामुळेच. पक्षाच्या पहिल्या अधिवेशनाचे घर ज्या भागात आहे तिथे २००१ मध्ये 'शिनत्येनदी' उघडले : दर्शनी भिंती जुन्या, आत उपाहारगृहे आणि महागडी दुकाने, जुन्या बिऱ्हाडांपैकी कुणी नाही. थायकांग रोडवरच्या 'त्येनत्सफांग'ची गोष्ट निराळी. १९९८ च्या सुमारास तिथल्या रिकाम्या कारखान्यांत चित्रकार आले. मग आजूबाजूच्या रहिवाशांच्या लक्षात आले, की आपली खालची खोली कलावंताला किंवा दुकानदाराला दिली तर त्या भाड्यात आपण दुसरीकडे चांगल्या घरात राहू शकतो. सरकारचे भाडेकरू राहून त्यांनी आपल्या खोल्या पुन्हा लावल्या. राहत्या घराचा असा वापर नियमात बसत नव्हता. काही वर्षांनी प्रशासनाने त्याला वाट करून दिली, आणि पाडण्याचा बेत रद्द झाला. दुसरा घरमालक परत आला होता, या वेळी एक मोहल्ला वाचवून. शेजाऱ्यांपैकी जे वरच्या मजल्यावर होते त्यांना दुकानाचे भाडे मिळाले नाही, फक्त पर्यटकांचा गोंगाट मिळाला. त्यावरून तिथे पुष्कळ भांडणे झाली.

मिनहौलीही पडली. तिच्यातले २९ क्रमांकाचे घर तेवढे ठेवले आहे. आता त्याचा पत्ता आनयी रोड ६३. दोन्ही बाजूंना उंच व्यापारी मनोरे आणि मधोमध काळ्या-करड्या विटांची दुमजली पट्टी. मी गेलो त्या दुपारी आतल्या लाकडी जिन्याशी शाळेतली मुले रांगेत उभी होती. कपडे धुण्याचे काम करून तरुण माओ आणि त्याचे मित्र इथे कसे दिवस काढत, हे मार्गदर्शक बाई मुलांना सांगत होत्या. घर कोणी बांधले, याची पाटी मला दिसली नाही.